आधी रिक्षा, मग मुंबई

माझ्या सासूबाईंना फुरसं चावलं तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर मुंबईला फोन.

मंगळवार होता. नायगावच्या आमच्या खोलीत मी डबा भरत होते. दादरच्या एका शाळेच्या ऑफिसात मी कारकून आहे आणि साडेनऊला मस्टरवर सही झाली नाही तर दिवसभर टोमणे ऐकावे लागतात. फोन वाजला तो गावाहून. आमचं गाव सिंधुदुर्गात, तालुक्यापासून अर्ध्या तासावर. तिथल्या कौलारू घरात सासूबाई एकट्या राहतात. आवाज नेहमीसारखाच, जरा दमलेला.

"झील खंय आसा गो? त्येका इचार, माका फुरसां चावलां. काय करूचां ता सांगूक सांग."

फुरसं म्हणजे हातभर लांबीचा, मातीच्याच रंगाचा साप. दिसायला किरकोळ, पण त्याचं विष चढलं की माणसाचं रक्त गोठायचंच थांबतं. मी लग्नाने कोकणातली झालेली, मूळची परळची, पण एवढं मलाही ठाऊक होतं. मी ओरडले, "आई, आधी रिक्षा बोलवा आणि हॉस्पिटलात जा!"

"अगो, त्येका इचारल्याशिवाय कसां जातलंय? तू इचार. मी बसतंय हंयच."

आणि त्या बसल्या. चुलीजवळच्या पायरीवर, चावलेला पाय पुढे पसरून, झिलाच्या, म्हणजे मुलाच्या, हुकमाची वाट बघत. मी नवऱ्याला फोन लावत राहिले. तो एका सरकारी कचेरीत आहे, माझ्या आधीच निघतो. घंटी वाजत होती, उचलत नव्हता. मी गॅलरीत येरझारा घालत होते, मध्येच सासूबाईंना फोन करून शिव्या द्यायच्या तेवढ्या बाकी ठेवत होते. "आई, मी सांगते ना, जा!" त्या म्हणायच्या, "व्हय गो, पण त्येचो फोन येवंदे." तोवर शेजारच्या काकींनी येऊन त्यांच्या घोट्याच्या वर सुंभ करकचून बांधलं होतं. तेही चुकीचंच, पण ते मला नंतर कळलं. चाळीस मिनिटांनी नवऱ्याचा फोन आला. तो आईशी अर्धं मिनिट बोलला. "जा," म्हणाला. मग त्या उठल्या.

हॉस्पिटलात पोचेपर्यंत हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. अकरा दिवस त्या तिथे होत्या. वाचल्या, पण कशाबशा. बऱ्या झाल्यावर आम्ही त्यांना नायगावला घेऊन आलो आणि नवऱ्याने परस्पर जाहीर करून टाकलं की आता आई कायमची इथेच राहणार.

आमची खोली एकशे साठ चौरस फुटांची. समोरची चाळ पुनर्विकासासाठी पाडून झाली आहे, आमचा नंबर लागायचा आहे. सासूबाई सकाळपासून गॅलरीत स्टुलावर बसून समोरचा तो विटा-मातीचा डोंगर बघत राहायच्या. खाणं कमी झालं, बोलणं त्याहून कमी. मला भीती वाटायला लागली की फुरशाने जे अर्धवट सोडलं ते आम्ही पुरं करणार.

मी हट्टी बाई आहे, माहेरी सगळे तसंच म्हणतात. मी मनाशी ठरवलं, ह्या गावाला परत जाणार आणि पुढच्या वेळी फुरसं चावलं तरी वाचणार. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात त्यांना तपासायला नेलं तेव्हा डॉक्टरांकडून सगळं लिहून घेतलं. बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. पाय हलवायचा नाही. घाबरून पळायचं नाही. मिळेल त्या गाडीने हॉस्पिटल गाठायचं, कारण त्याचं औषध तिथेच मिळतं, घरात किंवा देवळात नाही. मी तो कागद घरी आणून सासूबाईंना वाचून दाखवायला लागले. त्यांनी तिसऱ्या ओळीला मला थांबवलं.

"माका म्हायत आसा ता सगळां," त्या म्हणाल्या. मग समोरच्या ढिगाकडे बोट करून, "थंय हात घालू नको म्हणून सांग पोरांका. असल्या ढिगात फुरशी रवतत. तुमच्या चिऱ्यांत पन रवली होती."

माझा हात कागदावरच राहिला. चिरे आठवले.

चिरे म्हणजे जांभ्या दगडाचे ठोकळे. घराच्या मागे आम्ही चार वर्षांपूर्वी आणून टाकले होते. रिटायर झाल्यावर गावी जाऊन एक खोली वाढवायची, असं नवऱ्याच्या मनात होतं. खोली झाली नाही, चिरे तसेच रचलेले राहिले, वर गवत उगवलं. गेल्या वर्षी सासूबाईंनी शेजारच्या काकींना सांगितलं की हे चिरे घेऊन जा, तुमच्या विहिरीच्या कठड्याला होतील, इथे जनावरं राहायला लागली आहेत. काकींच्या नवऱ्याने चार चिरे उचलले आणि ही बातमी त्याच दिवशी मुंबईला पोचली. तेव्हा फोनवर बोललं कोण? नवरा बोलला, पण त्याच्या हातातून फोन घेऊन मीही बोलले. माझे शब्द मला अजून जसेच्या तसे आठवतात. "आई, आम्हाला विचारल्याशिवाय एक चिराही हलवायचा नाही."

त्यांनी ऐकलं. चिरा हलवला नाही. आणि त्याच चिऱ्यांच्या बाजूला पातेरा, म्हणजे वाळका पाला, गोळा करताना त्यांना फुरसं चावलं, तेव्हा त्यांनी पायही हलवला नाही, विचारल्याशिवाय. मला माझी अशी लाज वाटली की मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. इतके दिवस मी चाळभर सांगत फिरत होते की सासूबाई किती अडाणीपणा करतात म्हणून.

हे आमच्या एका घराचं नाही. आमच्याकडे गावातलं पानही मुंबईला विचारल्याशिवाय हलत नाही. फणस कधी उतरवायचा, कौलं कोण शाकारणार, गणपतीला मूर्ती केवढी, कुंपणाची काठी कुणी सरकवली, सगळं मुंबईला. आणि मुंबईला म्हणजे कुठे, तर आमच्यासारख्या एका खोलीत, जिथे दोन माणसं एकदम उभी राहिली तर तिसऱ्याला कॉटवर बसावं लागतं. माझा नवरा दिवसभर कचेरीत "साहेबांना विचारून सांगतो" म्हणतो. संध्याकाळी गावाहून फोन आला की तोच साहेब होतो. पाय पसरून, आवाज खाली आणून, "बघू, विचार करून सांगतो," म्हणतो. मी त्याला खूप वर्षं हसत आले. पण मलाही ते आवडत होतं, हे कबूल करायला हवं.

तर मग मी कामाला लागले. रोज संध्याकाळी शाळेतून आले की गॅलरीत तालीम. सासूबाई स्टुलावर बसायच्या, मी खराट्याची काडी त्यांच्या पायाला टोचायची आणि म्हणायची, "चावलं!" पहिल्या दिवशी त्यांचा हात सरळ कमरेच्या बटव्याकडे गेला. मोबाइल काढला आणि एक नंबरचं बटण दाबलं. आत खोलीत नवऱ्याचा फोन वाजला.

"मेलात," मी म्हटलं.

"शुभ बोल गो."

"फोन नाही करायचा. आधी हाक मारायची. काकींना. मग रिक्षावाल्याला. मग गप पाय न हलवता बसायचं. रिक्षा आली की हॉस्पिटल. मुंबईला फोन तिथे पोचून, डॉक्टरांनी हात लावल्यावर."

"आणि त्येका काय सांगू?"

"काही नाही सांगायचं. तो काय विष उतरवणार आहे?"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी मोबाइल काढून घेतला तर त्या बटवा चाचपत बसल्या. शेजारपाजारच्या बायकांना संध्याकाळची करमणूक झाली. कुणी चहाचा कप घेऊन, कुणी भाजी निवडत बघायला यायचं आणि सूचना करायचं. पाचव्या दिवशी एकीने विचारलं, "सासूला खराट्याने मारतेस काय गं?" सातव्या दिवशी मात्र काडी लागायच्या आत सासूबाईंनी अशी किंकाळी फोडली, "अगो धावा गो, माका चावलां!" की मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांची दारं उघडली, खालच्या मजल्यावर राहणारा एक हवालदार दोन-दोन पायऱ्या चढत वर आला आणि सासूबाई कितीतरी दिवसांनी पदरात तोंड घालून हसल्या. मला वाटलं, जमलं.

जमलं नव्हतं. त्या रात्री मी जेवण वाढत असताना त्या हळूच म्हणाल्या, "तू सांगतंस ता बरोबर. पन त्येच्या तोंडान ऐकूक व्हयां."

नवरा भात कालवत होता. मान वर न करता म्हणाला, "आये गावाक जाणारच नाय, मगे प्रश्नच खंय येता?"

महिनाभर आमच्या घरात हाच विषय. मी सकाळी काढायची, तो पेपर उघडायचा. मी संध्याकाळी काढायची, तो खाली पाय मोकळे करायला जायचा. एकदा तो म्हणाला, "मला विचारू नकोस असं मी आईला सांगू? मग मी तिचा कोण?" मी म्हटलं, "मुलगा." तो म्हणाला, "तुला नाही कळायचं." मला कळत होतं. पण चाळीस मिनिटं त्या पायरीवर बसलेली बाई माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती आणि मी सोडणार नव्हते.

भोईवाड्यात आमच्या गावच्या मंडळाची एक खोली आहे. पूर्वी गिरणीत कामाला आलेली गावची माणसं तिथे वळकट्या टाकून राहायची. आता कोणी राहत नाही, महिन्यातून एका रविवारी मीटिंग भरते आणि देवळाच्या रंगापासून गावच्या पाखाडीच्या पायऱ्यांपर्यंत सगळे निर्णय तिथे होतात. बायका हळदीकुंकवाशिवाय त्या खोलीत फारशा जात नाहीत. मी गेले. नवऱ्याला आधी सांगितलं नव्हतं. तो मला दारात बघून चपापला. पण सगळ्यांसमोर काय बोलणार?

शेवटी "आयत्या वेळचे विषय" आले तेव्हा मी उभी राहिले. झालं ते सगळं सांगितलं, चिऱ्यांसकट, माझ्या वाक्यासकट. म्हटलं, "आपल्या प्रत्येकाच्या घरी गावाला एक म्हातारं माणूस आहे. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने फोन करून सांगा की साप चावला तर आम्हाला विचारू नका. आधी रिक्षा, मग मुंबई."

मग एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "वहिनी, तुमचं म्हणणं रास्त आहे. पण असं विचारू नका म्हटलं की हळूहळू कशालाच विचारणार नाहीत. मग घरावर ताबा कोणाचा?" दोघातिघांनी माना हलवल्या. कोणीतरी म्हणालं, प्रत्येक घरात पुरुषमाणसाने फोन उचलला की झालं, हाय काय नि नाय काय.

माझं डोकं तापलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात कोपऱ्यातून नवरा उठला.

"मी फोन बघितला होता," तो म्हणाला. "कचेरीत कसल्या मीटिंगमध्ये नव्हतो. चहा पीत होतो. बायकोचे आठ मिस्ड कॉल दिसले. मला वाटलं, आईचं नेहमीचं काहीतरी असेल, फणसाचं नाहीतर कौलांचं. मी फोन उलटा करून ठेवला."

हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. तो तसाच उभा होता, हात खिशात घालायचेही विसरून. मीटिंग संपली हे कोणी सांगितलंच नाही, माणसं चपला घालून निघाली. नायगावपर्यंत आम्ही दोघं चालत आलो. मला त्याचा संताप आला होता आणि त्याचा हात धरावासाही वाटत होता. मी धरला नाही. पुढे कधीतरी धरला.

घरी आल्यावर तो आईसमोर जमिनीवर बसला. "आये, माका इचारू नको," म्हणाला. "साप चावलो तर नाय, आणि चिऱ्यांचापन नाय. तुका समाजता ता कर."

त्या म्हणाल्या, "बरां," आणि दुसऱ्या दिवशी पिशवी भरायला घेतली.

पावसाळ्याच्या आधी मी आठ दिवसांची रजा काढून त्यांना पोचवायला गेले. पहिलं काम चिरे. दोन गडी पहारी घेऊन आले, सासूबाई लांब उभ्या राहून कुठला कधी उचलायचा ते सांगत होत्या. हात खाली घालायचा नाही, आधी पहारीने उलटा करायचा, मग बघायचं. खालून तिसऱ्या थरात एक फुरसं निघालं, वेटोळं घालून, अंगावर अंग घासत. करवत लाकडावर फिरवल्यासारखा आवाज. सासूबाईंनी सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं, ते आपल्या वाटेने काजूच्या बाजूला सरपटत गेलं आणि त्या म्हणाल्या, "चला, पुढचो चिरो." संध्याकाळपर्यंत सगळे चिरे काकींच्या विहिरीवर पोचले होते.

मग चुलीची लाकडं जमिनीवरून उचलून फळीवर रचली, घराभोवतीचं गवत काढलं, भिंतीतली उंदरांची बिळं सिमेंटने बुजवली. मी मुंबईहून काळे गमबूट नेले होते. लुगड्याखाली गमबूट घालून त्या अंगणात आल्या तेव्हा काकी हसून हसून पायरीवर बसल्या. सासूबाईंनी मुळीच मनावर घेतलं नाही. चुलीवरच्या भिंतीवर मी लाल ऑइलपेंटने रिक्षावाल्याचा नंबर लिहिला, एकेक आकडा वीतभर. आमचा नंबर लिहिला नाही.

त्यानंतर दर रविवारी अकरा वाजता नवरा फोन करायचा. आता विचारायला तिच्याकडे काही नसायचं, त्यामुळे बोलणं दोन मिनिटांत संपायचं. तो फोन ठेवून हिरमुसला होऊन पेपर वाचायचा.

भातकापणीच्या दिवसांतल्या एका रविवारी अकरा वाजता फोन उचलला गेला नाही. साडेअकराला नाही. एक वाजता काकींना लावला, तोही नाही. रिक्षावाल्याचा फोन बंद. दोन वाजता नवऱ्याने बॅग काढली, तीन वाजता परत आत ठेवली, कारण जायचं तर गाडी संध्याकाळचीच. चार वाजता तो मला म्हणाला, "हे तुझ्यामुळे." तो खोटं बोलत नव्हता. काहीही झालं असेल तरी ते माझ्यामुळेच आम्हाला कळलं नव्हतं. मी देवापुढे बसले आणि मला एकही स्तोत्र धड आठवेना.

सहा वाजता फोन आला. सासूबाईंचाच. नवऱ्याने स्पीकर लावला.

"बरी आसंय. सकाळी पेंढी उचलूक गेलंय, बोटाक चावलां. साडेसातांक. सवाआठांक हॉस्पिटलात होतंय. बांधूक नाय दिलंय काकीक. ती हंयच आसा, फोन घराक इसारली." मग जरा अभिमानाने, "हंय काचेच्या नळयेत रगत घेवन ठेवतत, गोठता काय बघूक. सकाळी नाय गोठला. आता गोठला."

"आये, सकाळपासून एक फोन करूक जमलो नाय तुका?" नवऱ्याचा आवाज फाटला. "मी हंय मरतंय!"

"डॉक्टरान हात लावल्यार फोन करूचो, असां ठरलां होतां. पन मगे सलाइन लावलां, झोप इली." मग आणखी एक सांगितलं, "तो डॉक्टर पन इचारी होतो. म्हणता, आजी, घरचा कोण आसा, मुंबैक कोण आसल्यास इचारून घेवया. मी सांगितलंय, माकाच इचार. हात माझो आसा."

फोन ठेवल्यावर मी आनंदाने रडले, आणि थोडी रागानेही, कारण दिवसभर ज्या बाईसाठी जीव टांगणीला लागला होता ती मजेत झोपली होती. नवरा कॉटवर बसून राहिला. तिथूनच त्याने विचारलं, "आता पुढच्या रविवारी मी काय बोलू तिच्याशी?"

तो खरंच विचारत होता. पन्नाशीच्या माणसाला ते माहीत नव्हतं. मी म्हटलं, "जेवलीस का विचार."

पुढच्या रविवारी अकरा वाजता त्याने फोन लावला. पाठ ताठ करून, इंटरव्ह्यूला बसल्यासारखा. मी पोळ्या लाटायच्या थांबवल्या.

"आये," तो म्हणाला, "जेवलंस?"

पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली. तोही फोन कानापासून काढून बघायला लागला.

"जेवलंय," त्या म्हणाल्या. "तू?"